खुंटीवरचा एप्रन

तळ्याकाठच्या त्या दगडी घरात मी होडी बांधणारा आणि माझ्या जोडीला कामाला असलेली ती माझी बायको. हे सकाळी पहिली बस लागल्यापासून संध्याकाळी फाटक बंद होईपर्यंत. माझी खरी बायको घरी असते आणि तिला हा सगळा प्रकार अजिबात पसंत नाही. "घरी एक खिळा ठोकत नाहीस आणि तिथे होड्या बांधतोस," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तिचं काही चुकीचं नाही.

तळं, भोवतालचं जंगल, टेहळणीचा मनोरा, जुनी पाणचक्की, मोडका धक्का आणि आमचं घर, असं सगळं मिळून सरकारी उद्यान आहे. पर्यटक मनोऱ्यावर चढतात, चक्कीपाशी फोटो काढतात आणि पाय दुखायला लागले की आमच्याकडे येतात. आम्ही शंभर वर्षांपूर्वीचे, म्हणजे पगारी सोंगं. मी कोपऱ्यात एकाच फळीवर वर्षभर रंधा मारतोय आणि ती चुलीवरचं रिकामं पातेलं ढवळते. कुणी मोबाइल पुढे केला की मी "हा कसला आरसा बुवा?" असं विचारतो. लोक हसतात. हा विनोद मी इतक्यांदा केलाय की आता माझाच मला राग येतो.

ती मला 'कारभारी' म्हणते, मी तिला 'कारभारीण'. तिचा एक ठरलेला खेळ आहे. ती अंगण झाडायला घेते, थोडं झाडून कमरेवर हात ठेवते आणि आलेल्यांपैकी एका बाईच्या हातात झाडू देते. "बघा बरं, तुम्हाला जमतंय का," म्हणते. ती बाई लाजत झाडते, बाकीचे फोटो काढतात, सगळे टाळ्या वाजवतात. या खेळाला मरण नाही.

दाराच्या आत एक खुंटी आहे आणि दाराबाहेर एक पाटी. पाटीवर लिहिलंय, की या घरातली माणसं जुन्या काळातली आहेत. मात्र त्यांच्यापैकी कुणी आपली टोपी किंवा एप्रन खुंटीला लावला, तर तो तुमच्यासारखाच आजचा माणूस समजावा. कुणाला चक्कर आली, कुणाचं पोर हरवलं, की टोपी खुंटीला. घरचं कुणी भेटायला आलं तरीही. मागे माझा मेव्हणा आला होता, तेव्हा मी टोपी खुंटीला लावून त्याच्याबरोबर खुशाल चहा पिऊन आलो. कुणी चकार शब्द काढला नाही.

हे सगळं आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्यात नियमाचा काहीही दोष नव्हता.

तिच्या आईबद्दल मला माहीत होतं. डबा खाताना एकदा तिनंच सांगितलं होतं. आईनं जन्मभर लोकांच्या घरची धुणीभांडी केली. लेकीला शिकवलं ते एवढ्याचसाठी, की तिच्या हातात परक्या घरचा झाडू येऊ नये. लेक शिकली, उद्यानाच्या ऑफिसात जागा निघेल म्हणून इथे चिकटली. ती जागा काही निघाली नाही. आईला मात्र तिनं सांगून टाकलं होतं, की मी ऑफिसात अधिकारी आहे, स्वतंत्र टेबल आहे, एसी आहे.

"आणि करते काय? परक्या घरात झाडून दाखवते," ती म्हणाली होती.

"अगं, तो खोटा झाडू," मी तिची समजूत काढायला म्हणालो.

"खोटं बाकी सगळं आहे, कारभारी. झाडू खराच आहे."

त्या दिवशी दुपारची बस आली तेव्हा मी नेहमीसारखा रंधा घेऊन बसलो होतो. बाहेरून पाटी वाचल्याचा आवाज आला. एकेक अक्षर लावत, मोठ्यानं, शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसा. मला हसू आलं. मी कारभारणीकडे बघितलं तर पातेल्यातला तिचा हात थांबला होता.

"आई," ती म्हणाली. मला ऐकू येईल एवढंच.

"मग एप्रन काढ," मी म्हणालो.

तिनं एप्रनच्या गाठीला हात लावला. तेवढ्यात घोळका आत आला आणि तिचा हात खाली आला.

आई ठेंगणी, नेटकी. ठेवणीतले कपडे घालून आली होती. छातीशी एक कापडी पिशवी धरलेली. आत येताच तिची नजर लेकीवर पडली. ठिगळाचा घागरा, काजळी लावलेले हात, कोपऱ्यातला झाडू. "अगं…" म्हणून तिनं एक पाऊल टाकलं.

"या, या," कारभारीण म्हणाली. तोच रोजचा लाडिक आवाज. "तळं ओलांडून आलात? दमला असाल. बसा हं, पाहुणेबाई."

आई होती तिथे उभी राहिली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण बसमधल्या माणसांशी तिची वाटेत चांगलीच ओळख झाली असावी. एक बाई कौतुकानं म्हणाली, "या मावशींची मुलगी इथे अधिकारी आहे हो. ऑफिस कुठल्या बाजूला आहे?"

आता खरं तर टोपी काढायची पाळी माझी होती. उठायचं, टोपी खुंटीला लावायची, मावशींना बाजूला घेऊन पाणी द्यायचं. दोन पावलांचं काम. पण समोर माणसं जमली की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही.

"अधिकारी?" मी म्हणालो. "बाई, या घरात अधिकार एकट्या हिचा. मी तर होडीलासुद्धा हिला विचारून हात लावतो."

हशा पिकला. आईही हसली, पण सगळ्यांच्या मागून.

"माझी मुलगी आत्ता कामात असेल," ती त्या बाईला म्हणाली. "तिला कशाला त्रास द्यायचा? भेटेन नंतर."

मी खाली मान घालून रंधा मारू लागलो. कारभारणीनं झाडू उचलला. का उचलला ते तिलाही सांगता येणार नाही. रोज त्या वेळी उचलायची, म्हणून उचलला असेल. अंगणात जाऊन थोडं झाडलं, कमरेवर हात ठेवला आणि मग काय होऊन बसलंय ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती तशीच उभी राहिली.

"मावशींना द्या," ती बसमधली बाई ओरडली. "मावशी, तुम्ही या पुढे." मग सगळेच म्हणायला लागले, मावशींना द्या, मावशींना द्या.

आईनं पिशवी पायरीवर ठेवली आणि हात पुढे केला. लेकीनं तिच्याकडे बघितलं नाही. झाडू तिच्या हातात दिला.

आईनं झाडलं. ती लाजली नाही, फोटोसाठी थांबली नाही. पदर खोचला, वाकली आणि सगळं अंगण कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत झाडून काढलं. लोकांनी फोटो काढले आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता सांगताना जीभ जड होते, पण वाजवल्या.

"कसं झालं?" आईनं विचारलं.

"छान," लेक म्हणाली.

घोळका बसकडे निघाला, त्याच्याबरोबर आईही. कारभारीण आत येऊन चुलीपुढे बसली आणि पुन्हा रिकामं पातेलं ढवळायला लागली, घरात तेव्हा कुणीही नव्हतं तरी. मला ते बघवेना. मी टोपी काढली, खुंटीला लावली आणि धावत बस गाठली. मला आवडतं ते काम करायला निघालो होतो, म्हणजे सारवासारव.

आई बसच्या पायरीजवळ उभी होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही इथले कारभारी ना?"

"हो मावशी. तुमच्या मुलीबरोबरच काम करतो." मग मी भडाभडा बोलत सुटलो. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे नियम फार कडक आहेत. एकदा आत असलं की घरच्यांशीसुद्धा बोलायची मनाई. सक्त मनाई. ती तरी काय करणार?"

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्याकडे बघितलं.

"तुमची टोपी कुठाय?"

मी डोक्याला हात लावला. "खुंटीला," म्हणालो.

"हं," ती म्हणाली.

ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पिशवीतून एक विणलेला स्वेटर काढला, घडी सारखी केली आणि माझ्या हातात दिला. "ऑफिसात एसीचा गारठा असतो म्हणाली होती, म्हणून विणला. इथे तळ्याचा वाराही बोचतोच. तिला द्या. आणि चुलीजवळ बसते, तर बाह्या वर करून बस म्हणावं."

"तिला बोलावू का? आत्ता घेऊन येतो."

"नको. यायचं असतं तर आली असती," असं म्हणून ती बसमध्ये चढली. मी उगाच आशेनं घराकडे बघत राहिलो. दारात कुणी आलं नाही. बस पाणचक्कीच्या वळणाआड गेली.

मी परत आलो. कारभारणीनं आधी स्वेटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणाली?"

खोटं बोलायची एक उबळ मला तेव्हाही आली. "मी तिला सांगितलं की बोलायची मनाई असते. तर तिनं विचारलं, तुमची टोपी कुठाय."

ती समजली. आई बाहेर पाटी वाचत होती ते तिनं माझ्याआधी ओळखलं होतं.

ती उठली. एप्रनची गाठ तिला सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. एप्रन माझ्या टोपीशेजारी खुंटीला लावला, स्वेटर अंगात घातला आणि बाह्या वर केल्या. मग अंगणात जाऊन उभी राहिली. पुढच्या बसची माणसं तोवर पायवाटेनं वर येत होती. त्यांच्यातल्या एका मुलीनं पाटी वाचली, खुंटीकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही आजच्या आहात? मग तुम्ही कोण?"

"मघाशी एक बाई हे अंगण झाडून गेली," ती म्हणाली. "मी तिची मुलगी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही नाटकातलंच.