घासलेला दात

इन्स्पेक्टरबाईंनी प्लास्टिकची पिशवी उघडली, आतली वस्तू पांढऱ्या रुमालावर ठेवली आणि रुमाल टेबलावरून पुढे सरकवला. टेबलावर प्लास्टरची भुकटी सांडलेली होती, मेणाचे तुकडे होते, तीन अर्धवट कवळ्या होत्या. ते बाजूला सारायचंही काकूंना सुचलं नाही. रुमालावर गुलाबी रंगाची लहानशी प्लेट होती, टाळूला चिकटून बसते तसली. रंग मातकट झालेला. पुढे दोन दात, आणि एका बाजूची तार तुटलेली.

"आमचं काम नाही हे," काका म्हणाले.

काका दारात उभे होते, टेबलापासून चार पावलांवर. चष्मा सदऱ्याच्या खिशात होता.

अख्खी गल्ली त्या दोघांना काका-काकू म्हणायची. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा कवळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर एक लांब टेबल, दात घासायचं मशीन, गॅसची शेगडी आणि जाळी ठोकलेली एक खिडकी. खोलीला बाहेरचं दार नव्हतं. यायचं-जायचं ते घरातूनच, पुढच्या खोलीत बसलेल्या काकांच्या गुडघ्याला गुडघा घासून. गेली आठ-दहा वर्षं काकांचा हात कापत होता. तेव्हापासून काम काकूंचं आणि नाव काकांचं, असं चाललेलं होतं.

इन्स्पेक्टरबाई तिशीच्या आतबाहेरच्या असतील. त्यांनी घाई केली नाही. इथून दोन तासांवर एक दगडाची खाण आहे, बंद पडलेली, त्या सांगू लागल्या. एकवीस वर्षांपूर्वी तिथे मोजणीला उतरलेल्या माणसांना एक सांगाडा सापडला. बाईचा. वय वीस ते पंचवीस. कवटी मागून फुटलेली. त्या वेळी हरवलेल्या बायकांच्या याद्या तपासून झाल्या, एकही जुळली नाही, आणि फाइलवर 'अनोळखी स्त्री' असं लिहून फाइल कपाटात गेली. ही प्लेट सांगाड्यापासून हातभर अंतरावर मातीत होती. कोणा शहाण्याने तिची नोंद 'कंगव्याचा तुकडा' अशी केली होती, म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. आता जुनी प्रकरणं पुन्हा काढलीत, त्यातलं हे त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्या एकेका जुन्या कवळीवाल्याकडे जात होत्या. हे पाचवं घर.

"काकू, तुम्हीही एकदा बघता का?"

"ती काय वेगळं सांगणार?" काका म्हणाले. पण अडवलं नाही.

काकूंनी प्लेट उचलली. बोटांनी ती डोळ्यांच्या आधी ओळखली. प्लेट जाड होती, शिकाऊ हाताची. टाळूकडची बाजू नीट घासलेली नव्हती. दोन दातांपैकी एक अंमळ पिवळा. आणि उजवीकडचा लहान दात मुळात उजवीकडचा नव्हताच. डावा दात एका कडेने घासून घासून उजव्या जागी बसवला होता.

त्यांनी प्लेट पुन्हा रुमालावर ठेवली. रुमालाचं एक टोक दुमडलं होतं, ते सरळ केलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमचं नाही."

इन्स्पेक्टरबाई त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या की जबाब टाइप करून ठेवते, शुक्रवारी दोघांनी ठाण्यात येऊन सह्या करा, म्हणजे तुमचं घर यादीतून कमी होईल. काका त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. काकूंनी मशीन सुरू केलं आणि हातात कवळी न घेताच ते फिरू दिलं.

धाकटी म्हणजे काकूंची नणंद, काकांची बहीण. काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिने काकूंच्या चपला घालून तोडून आणल्या होत्या. पुढे ती टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. तिथे टाइपरायटर दुरुस्त करणारा एक जण होता. बोलणं वाढलं, आणि बोलणं वाढल्याचं सासऱ्यांच्या कानावर गेलं. त्या संध्याकाळी धाकटीचे पुढचे दोन दात पडले. ती जिन्यावरून घसरली, असं घरात ठरलं.

कवळ्या बनवणाऱ्याच्या घरात पोरगी बोळकं घेऊन फिरत होती. काकूंनी नवऱ्याजवळ विषय काढून पाहिला. सासरे पलीकडून म्हणाले होते, दात नसले की घरात बसेल. काका उठून मशीनवर जाऊन बसले होते.

काकू तेव्हा नुकत्या काम शिकत होत्या. बापलेक दुपारी माल पोचवायला गेले की त्या मागच्या खोलीत जायच्या आणि उरलंसुरलं सामान घेऊन बसायच्या. चार दुपारी लागल्या. दात एका रंगाचे मिळेनात. उजवीकडचा छोटा दात तर पेटीत नव्हताच, म्हणून डावा घासला. प्लेट इतकी जाड झाली की धाकटीच्या तोंडून 'स' निघेना. 'साबण' म्हणायला गेली की 'थाबण' व्हायचं, आणि मग दोघी तोंडात पदर कोंबून हसायच्या. ती दात घरात लावायचीच नाही. एका डबीत ठेवायची, आणि गल्लीचं वळण ओलांडलं की लावायची. "वहिनी, तुझ्यामुळे मी माणसात आले," असं एकदा म्हणाली होती.

मग काकू बाळंतपणाला माहेरी गेल्या. तीन महिन्यांनी मुलाला घेऊन परतल्या तर धाकटीची खाट उचललेली होती. पळून गेली त्याच्याबरोबर, सासरे म्हणाले. या घरात आता तिचं नाव निघायचं नाही. वर्षभराने तिचं पत्र आल्याचं काकांनी सांगितलं. सुखात आहे म्हणे. पत्र काकूंनी पाहिलं नाही. वडिलांनी फाडून टाकलं, असं काका म्हणाले. काकूंना धाकटीचा राग आला. भाच्याचं तोंड बघायला एकदा येऊ नये? त्या रागावर त्यांनी चोवीस वर्षं काढली.

पण त्या रागाच्या मागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती काकूंनी आजवर कोणालाच सांगितली नव्हती. पत्र आलं त्याच सुमारास एका दुपारी टाइपरायटरवाला दारात उभा राहिला होता. घामाघूम, हातात टोपी. ती कुठे आहे, एवढंच विचारत होता. वर्षभर निरोप नाही, काही नाही. काकूंच्या कडेवर मूल होतं. आत सासरे झोपले होते. "आम्हाला माहीत नाही," असं म्हणून काकूंनी दार लावून घेतलं, कडीही घातली. मग ती दुसऱ्याच कोणाबरोबर गेली असेल, असं त्यांनी मनाशी धरलं आणि त्यावर पुन्हा विचार केला नाही.

आता विचार करायला वेळच वेळ होता. त्या दिवसापासून काकांनी आपली खुर्ची पुढच्या खोलीतून उचलून कारखान्यात आणली. खिडकीजवळ, उजेडाला बसतो म्हणाले. ते रागावले नाहीत, काही विचारलं नाही. उलट काकूंना पाणी आणून दिलं, चहा दोनदा केला. चाळीस वर्षांत या माणसाने कोणाचंही काम चष्मा लावल्याशिवाय, उजेडात धरल्याशिवाय, उलटसुलट केल्याशिवाय चांगलं की वाईट ते सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी चार पावलांवरून, चष्मा खिशात ठेवून त्यांनी सांगून टाकलं होतं. त्यांनी प्लेट पाहिलीच नव्हती. आणि ती कुठे, कोणाजवळ सापडली ते तर इन्स्पेक्टरबाईंनी नंतर सांगितलं.

काकू मेण तापवायच्या, साच्यात ओतायच्या, दात मांडायच्या. मान वर केली की खुर्ची दिसायची. दवाखान्यात तयार कवळी पोचवायची होती, तर काका म्हणाले, मी येतो बरोबर, पाय मोकळे होतील. तीन वर्षांत ते कोपऱ्यापलीकडे गेले नव्हते. दवाखान्यात डॉक्टरांनी सहज विचारलं, पोलीस येऊन गेले का तुमच्याकडे? काका म्हणाले, हो, आपलं काही नव्हतं त्यात. काकू बिलाचा कागद घडी करत राहिल्या. दुकानात, दळणाला, शेजारी, जिथे जावं तिथे काका बरोबर. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारपणी काय प्रेम आलंय.

गुरुवारी सकाळी मुलाचा फोन आला. सुनेला सातवा महिना लागला होता. बाळाच्या आत्याआजीला कळवायचं का, तिचा पत्ता आहे का कुठे, असं तो हसतहसत विचारत होता. बायकोने माहेरची यादी केली म्हणून आपणही करतोय म्हणाला. काकूंनी फोन काकांकडे दिला. काकांनी पत्ता नाही म्हणून सांगितलं, तब्येतीची चौकशी केली, फोन ठेवला. मग त्या चार दिवसांत पहिल्यांदा ते त्या विषयावर बोलले. काकूंकडे न बघता, खिडकीच्या जाळीकडे बघत.

"मेलेल्या माणसाला नाव मिळून काय मिळणार? बाबा तर गेलेच. राहिला आपला मुलगा. त्याच्या घरी आता बाळ येतंय."

काकूंनी हातातला दात मेणात दाबला. तो तिरका बसला. काढून पुन्हा बसवला.

"तुम्ही होता का तिथे?" त्यांनी विचारलं.

काका उठले, आणि मशीनची वायर नीट लावलेली नाही असं काहीतरी पुटपुटत ती गुंडाळत बसले. वायर दोनदा त्यांच्या हातातून सुटली. काकूंना त्या हाताची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःची भीती वाटली. याच हाताचं पाणी त्या चार दिवस प्यायल्या होत्या.

शुक्रवारी दोघं रिक्षाने ठाण्यात गेली. एकेकाला आत बोलावत होते. काका आधी गेले, सही करून पाच मिनिटांत बाहेर आले आणि काकूंची पिशवी आपल्या मांडीवर घेऊन बाकावर बसले. "नुसती सही करायचीय," ते म्हणाले. "मी इथेच आहे."

आतली खोली लहान होती. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती, आणि काचेतून बाक दिसत होता. इन्स्पेक्टरबाईंनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला, पेन दिलं. वाचून घ्या, म्हणाल्या.

काकूंनी वाचलं. वर त्यांचं नाव, वय, पत्ता. खाली, सदर वस्तू आमच्याकडे तयार झालेली नाही व ती कोणाची आहे याबाबत मला काहीही माहिती नाही. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अक्षर बारीक आहे का?"

"नाही. दिसतंय." काकूंनी पेन खाली ठेवलं. "ती प्लेट आहे का इथे?"

इन्स्पेक्टरबाईंनी खणातून पिशवी काढली आणि समोर ठेवली. काकूंनी पिशवीवरूनच बोट ठेवलं.

"हा छोटा दात बघा. आहे उजवीकडे, पण आहे डावा. कडेने घासलाय. माझ्याकडे उजवा नव्हता." त्यांचं बोट प्लेटच्या जाड कडेवर सरकलं. "वाईट काम आहे. माझं पहिलंच होतं."

बाहेर कोणीतरी मोठ्याने शिंकलं. इन्स्पेक्टरबाईंनी टाइप केलेला कागद हळूच आपल्याकडे ओढला, उलटा ठेवला, आणि कोरा कागद घेतला.

"कोणासाठी केलं होतंत?"

"नणंदेसाठी."

"नाव?"

"धाकटी म्हणायचो."

"कागदावरचं नाव, काकू."

काकूंनी तोंड उघडलं. पहिल्या वेळी नुसता श्वास बाहेर आला. दुसऱ्या वेळी त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. इन्स्पेक्टरबाईंनी ते लिहिलं आणि कागद फिरवून दाखवला. काकूंनी वाकून पाहिलं.

"वेलांटी दुसरी," त्या म्हणाल्या. "दीर्घ लिहायची ती. ऱ्हस्व लिहिलं की चिडायची."

वेलांटी दुरुस्त झाली. फाइलच्या पुठ्ठ्यावर 'अनोळखी स्त्री' असं लिहिलेलं होतं, ते काकूंना उलटं दिसत होतं.

"शेवटी कुठे राहायची ती?"

काकूंनी पत्ता सांगितला. घराचा नंबर, गल्ली, शाळेच्या मागे. इन्स्पेक्टरबाईंचं पेन अर्ध्यावर थांबलं. त्यांनी उलटा ठेवलेला कागद सरळ केला, त्यावरचा पत्ता बघितला, मग काचेतून बाकाकडे बघितलं.

"हाच?"

"हाच."

"काकू, काय झालं ते तुम्हाला माहीत आहे?"

"मी माहेरी होते. मला माहीत आहे तेवढं सांगते. आणि एक माणूस आमच्या दारात आला होता, मी त्याला परत पाठवलं. तेही लिहून घ्या."

बाकावरून काका उठले होते. पिशवी हातात धरून ते काचेजवळ आले आणि झालं का, असं त्यांनी हाताने विचारलं. काचेला त्यांच्या श्वासाची वाफ धरली. इन्स्पेक्टरबाई उठू लागल्या.

काकूंनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, दाराकडे पाठ होईल अशी.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "मला वेळ लागेल."