तेल कोणी घालायचं?

मी लाकूडफोड्या बोलतोय. हातात कुऱ्हाड घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणू नका, मी यंत्र आहे. दोन चाकं, लांब लोखंडी धूड, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला दट्ट्या. ओंडका मध्ये ठेवा, दांडी ओढा, की कडाड! भल्याभल्या गाठाळ ओंडक्यांची माझ्यापुढे काय बिशाद!

जन्म कारखान्यातला, पण मी वाढलो वखारीत. मालक आणि मालकीणबाई, दोघांचाच कारभार. आमची लाकडं कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत जातात. कुऱ्हाड चालवून चालवून मालकांचा उजवा खांदा कामातून गेला, म्हणून मला आणलं. "पुन्हा कुऱ्हाड उचललीत तर हात कायमचा जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे मी चाललो तर त्यांचा हात वाचणार. मला त्याचा अभिमान आहे, का नसावा?

पुढे माझं इंजिन म्हातारं झालं आणि तेल पिऊ लागलं. मग सकाळी जो आधी वखारीत येईल त्यानं तेल घालायचं, असं ठरलं. मागाहून येणारा विचारायचा, "घातलं का?" "घातलं." एवढंच.

एकदा बाई बाहेर गेल्याचं पाहून मालकांनी कुऱ्हाड काढली. म्हणे, हात गंजतो! बाई नेमक्या तेव्हाच परतल्या. जे भांडण झालं ते विचारू नका. मग अबोला. घरातून भांड्यांचे आवाज यायचे, माणसांचे नाही. अबोल्यात तेलाचं कोण विचारणार? त्यांना वाटे हिनं घातलं असेल, हिला वाटे ह्यांनी. मी आपला कोरडा ठणठणीत! खडखडून सांगत होतो, पण ऐकतं कोण? शेवटी अर्धा फुटलेला ओंडका तसाच धरून मी बंद पडलो.

शेजारचे काका धावत आले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. "प्लगमध्ये कचरा असणार." प्लग पुसला. "मग कार्बुरेटर." तोही खोलून धुतला. चालू करायची दोरी मात्र जागची हलेना. "हवामानच खराब आहे," म्हणत काका घरी गेले.

बेकरीतून निरोपावर निरोप येऊ लागले. मालक कुऱ्हाडीकडे बघत होते आणि बाई मालकांकडे. माझा जीव नुसता टांगणीला!

मग मालकांची लेक आली. ती दुसऱ्या गावात गॅरेज चालवते. तिनं तेलाची पट्टी बाहेर काढली, बोटानं पुसून पाहिली.

"पिस्टन आत चिकटून बसलाय. तेल कोणी घालायचं होतं?"

"मला वाटलं ह्यांनी घातलं."

"मला वाटलं हिनं."

"धन्य आहात दोघं!" लेक म्हणाली.

तिनं नवं इंजिन आणलं. इंजिन बसवायच्या माझ्या पाटावरची भोकं त्याला जुळेनात, तर नवी पाडली. इंजिनाची आणि दट्ट्याला रेटणाऱ्या पंपाची दांडी मात्र अगदी सरळ रेषेत यायला हवी. लेक खाली बसून बोल्ट आवळणार, वरून धरायला ही दोघं.

"तुमच्याकडनं जरा वर घ्या," बाई म्हणाल्या.

"अगं, खांदा उचलत नाही माझा."

"मग सांगायचं ना तसं! सोडा, मी धरते."

"एकटीला पेलवेल?"

"न पेलवायला काय झालं? तुम्ही नुसता तोल सांभाळा."

किती दिवसांनी त्यांना एकमेकांशी बोलताना ऐकलं! बरं वाटलं हो.

तेल घातलं, दोघांनी वाकून पाहिलंही. बाईंनी दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्यात मी धडधडायला लागलो. अडकलेला ओंडका फोडून मोकळा केला. नवं इंजिन मानवलं मला.

आता मी मजेत आहे. तुमच्या दारात माझ्यासारखा कुणी असेल, तर रुसवेफुगवे खुशाल करा, पण त्याच्या खाण्यापिण्याचं तेवढं बोलत जा.

काल मी ऐन भरात असताना मालक काहीतरी बोलले. माझ्या आवाजात बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी सरळ मला बंद केलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही गं. दमलीस का, विचारत होतो."

एरवी कामाच्या मध्ये बंद केलेलं मला मुळीच खपत नाही. काल म्हटलं, असू दे, बोला सावकाश.