त्येला भंडारा चालतो का?

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेअर आहे. गेले सात महिने माझ्या डोक्यावर एक तांबडी कोंबडी बसत होती. हसू नका. ज्याने या घरात चौदा वर्षे इमानाने चाकरी केली, त्याला शेळ्यांच्या छपरात पेंडीच्या पोत्यावर टाकून दिले, यात हसण्यासारखे काय आहे?

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. खरे आयुष्य सुरू झाले ते आष्टीच्या बाजारात. कडा गावाजवळच्या एका वस्तीवरचे म्हाळूबाबा दुकानात आले. खांद्यावर घोंगडी आणि हातात एक सीडी. बिरोबाच्या जत्रेत ते धनगरी ओव्या म्हणत असताना एका फोटोवाल्याने शूटिंग केले होते आणि ही एकुलती एक सीडी त्यांना दिली होती. ते दुकानदाराला म्हणाले, "ह्यात मी हाय म्हणत्यात. मला मी दिसल असं यंत्र दे."

दुकानदाराने मला फळीवरून खाली काढले. माझे नशीब उजळले, असे मला तेव्हा वाटले.

पहिल्या दिवशी सारी वस्ती मला बघायला आली होती. टीव्हीच्या पडद्यावर म्हाळूबाबा ओवीची ओळ टाकायचे आणि घरात बसलेल्या त्यांच्या बायकोने, साखराबाईंनी, शेवटचे शब्द उचलायचे. याला झील म्हणतात. झील दिल्याशिवाय ओवी पुढे सरकत नाही. बाबा स्वतः शेजारी बसलेले असले, तरी त्या पडद्यातल्या बाबांनाही झील द्यायच्या.

सहा वर्षांपूर्वी म्हाळूबाबा गेले. मग ती सीडी देव्हाऱ्यात गेली. दर रविवारी बिरोबाची पूजा झाली की साखराबाई देवांबरोबर सीडीवरही भंडारा, म्हणजे हळद, उधळायच्या. वर्षातून एकदा, बाबांच्या पुण्यतिथीला, ती सीडी माझ्यात लागायची. ओवी झाल्याशिवाय नैवेद्य दाखवायचा नाही, हा घरचा नेम होता. लावण्याआधी साखराबाई ती पदराने दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसायच्या. तरी थोडी हळद माझ्या पोटात जायचीच. एवढी हळद नवरदेवालासुद्धा लागत नाही! पण मी कधी तक्रार केली नाही.

पुढे माझा ट्रे अडकू लागला. आतला रबरी पट्टा सैल झाला होता, इतकेच. साखराबाईंना त्यावर इलाज ठाऊक होता. डावीकडे एक चापट मारली की मी तोंड उघडायचो. पण यंदा त्यांचा नातू हरिओम पुण्याहून गेमचा एक मोठा डबा घेऊन आला आणि घरात माझ्यावर पंचायत बसली.

मुलगा सोमनाथ म्हणाला, "ह्यो दुरुस्त करू, न्हाई तर असलाच नवा प्लेअर आणू. सीडीपुरतं बास हाय."

"कावून दोन दोन डबे ठेवायचे?" हरिओम म्हणाला. "माझ्या गेमला सीडीचा एक जोड मिळतो. तो बसवला की एकात दोन कामं. आज्याची ओवी बी लागंल, गेम बी."

लबाडी बघा! गेमच्या सीडी मित्रांशी अदलाबदल करायला याला तो जोड हवा होता आणि नाव पुढे केले आजोबांचे. मी समोर बसून सगळे ऐकत होतो. मला कोण विचारणार?

तेवढ्यात साखराबाई म्हणाल्या, "त्येला भंडारा चालतो का?"

सगळे खो खो हसले. सोमनाथही हसला. अख्ख्या घरात एकच शहाणा प्रश्न विचारला गेला आणि त्याचेच हसे झाले. जोड आला. मी छपरात गेलो.

पुण्यतिथीचा दिवस उजाडला. पाहुणे जमले. बाबांच्या ओव्यांना ढोल वाजवणारे म्हातारे बंकटमामाही आले. छपरासमोरच घराचे दार, त्यामुळे मला आतले सगळे दिसत आणि ऐकू येत होते. साखराबाई पदर सावरून देव्हाऱ्याकडे निघाल्या, तोच हरिओमने सीडी उचलली.

"आरं थांब, पुसू दी मला!"

"आज्जे, ते तुझ्या डबड्यासारखं न्हाई. नवं हाय."

डबडे! मी डबडे! असो. त्या जोडाला माझ्यासारखा ट्रे नाही, नुसती एक फट आहे. त्याने हळदीसकट सीडी आत ओढून घेतली, घरघर केली आणि पडद्यावर पाटी लावली, की ही सीडी इथे चालत नाही. बरे, चालत नाही तर परत तरी द्यावी! तेही नाही. आत हळद चिकटून बसली होती. हरिओमने बटण दाबले, डबा हलवला, शेवटी चिमटा घातला. सीडी बाहेर आली ती काठापासून ओरखडा घेऊनच.

साखराबाईंनी सीडी हातात घेतली आणि त्या ओरखड्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "आता ह्यांचा आवाज कुठं ऐकू मी?"

नात शिवकन्या धावत छपरात आली. तिने कोंबडीला हाकलले आणि मला उचलून घरात नेले. माझ्या डोक्यावरची घाण पाहुण्यांसमोर पुसली गेली. तेव्हा मला किती राग आला होता म्हणून सांगू! वाटले, नाहीच उघडत तोंड. भोगा आपल्या कर्माची फळे. पण साखराबाईंनी सीडी पदराने पुसली, मला डावीकडे चापट मारली, आणि त्या हातापुढे माझा राग टिकला नाही.

म्हाळूबाबा दिसू लागले. हरिओमने गुपचूप मोबाईल समोर धरला. पडद्यावर ओळ पडली,

"आभाळ दाटलं माळावरी, मेंढरं फिरली तळावरी..."

साखराबाईंनी तोंड उघडले, तोच हरिओम कुजबुजला, "आज्जे, मधी बोलू नको. रेकॉर्डिंग हाय."

त्या गप्प बसल्या. माझी मोटर संतापाने तापली. अरे, अर्धी ओवी तिची आहे! मला बोलता येत नव्हते, पण बंकटमामांना येत होते.

"बोल वैनी!" ते गरजले. "झीलीबिगर ओवी असती का? पोराला काय कळतंय!"

पुढची ओळ पडली आणि साखराबाईंनी झील उचलली. आवाज आधी कापरा होता, मग मोकळा झाला. हरिओमने मान खाली घातली, पण मोबाईल धरलेला हात हलू दिला नाही. दोन ओव्या झाल्या. तिसरीला ओरखडा आडवा आला. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण ती ओवी मला वाचता आली नाही. ती कायमची गेली. एका पदराच्या फटकाऱ्याने वाचली असती ती!

मित्रांनो, नवे आणायला माझी ना नाही. नव्यातही चांगले असते. पण घरातली वस्तू ज्याच्या हातात असते, त्या माणसाला आधी विचारा. त्याचा प्रश्न ऐकून हसू नका. आणि जे एकुलते एक आहे, त्याची नक्कल यंत्र धडधाकट असतानाच काढून ठेवा. मी आता पुन्हा फळीवर आहे, पण माझा काय भरवसा?

त्या दिवशी नैवेद्य झाल्यावर हरिओमने मोबाईल आजीच्या हातात दिला. त्यात आता दोघांचाही आवाज होता. साखराबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "त्येला भंडारा चालतो का रं?"

या वेळी कोणी हसले नाही.

"चालतो, आज्जे," हरिओम म्हणाला. "तू लाव. मी पुसून ठेवतो."