शेवाळाची पंगत

पुंजाराममामा उभे असलेल्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं, असं सांगणारा माणूस अंबड तालुक्यात अजून जन्मायचा होता. लग्न असो, बारसं असो, स्वयंपाक कुणाचाही असो, वाढप मामांचं. खांद्यावर पंचा टाकून ते रांगेच्या टोकाला उभे राहिले की पार कोपऱ्यातल्या पत्रावळीवरचं मीठ संपलेलंही त्यांना तिथून दिसायचं. त्यांच्या लेखी जगात पाप एकच, पंक्तिप्रपंच. एकाला बुंदी वाढायची आणि शेजारच्याला नुसतं बघत बसवायचं, हे ज्याच्या हातून घडेल त्याला नरकातही शेवटच्या रांगेत बसवतात, असं ते वाढप्या पोरांना सांगत. पोरं घाबरत. शेवटच्या रांगेत काय उरतं हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या भाचीने, अरुंधतीने, शेवाळाचा प्रयोग सोपवला.

अरुंधती जालन्याची, विद्यापीठात संशोधन करणारी. मामांच्या गावामागे टेकडीवर म्हसोबाचं रान आहे. तिथली काडीसुद्धा कुणी मोडत नाही, त्यामुळे पावसाळ्यात तिथल्या दगडांवर मखमलीसारखं शेवाळ चढतं. म्हसोबाला नारळ वाहून ते तिने ट्रेमध्ये भरलं आणि झाडांखाली चार रांगा मांडल्या.

"मामा, यांच्यात बारीक जिवाणू राहतात. भाडेकरूच समजा. हवेतला नत्र पकडून घरमालकाला देतात."

"तुरीच्या मुळावरच्या गाठीवाणी?"

"बराबर. काय खाऊ घातलं की त्यांचं काम वाढतं अन् काय घातलं की थांबतं, ते मला बघायचंय. पहिल्या रांगेला नुसतं पावसाचं पाणी. दुसरीला युरियाचं. तिसरीला सुपर फॉस्फेटचं. चौथीला मॉलिब्डेनमचा क्षार, बिलकुल चिमूटभर."

"पानातल्या मिठाइतकं."

"तेवढंच. मामा, माझी फेलोशिप यंदा संपते. पाऊस सरला की शेवाळ वाळून जाईल. एवढ्यात हे साधलं न्हाई, तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात."

"मी आहे ना," मामा म्हणाले. वाक्य धीराचं होतं. घोटाळा त्यातच होता.

पुढच्या आठवड्यात मामा बादल्या घेऊन टेकडी चढले. दुसऱ्या रांगेला त्यांनी ऐटीत युरिया वाढला, तिसरीला सुपर, चौथीला मॉलिब्डेनमचं मीठ. मग त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. ती रांग काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, रागावता आलं असतं. ती आपली हिरवीगार, मुकाट, नुसत्या पाण्यापुढे बसलेली. मामा तडक घरी गेले, गोणीतला युरिया पाण्यात विरघळवला आणि पुन्हा वर आले.

"घ्या, घ्या, लाजू नका. घरचंच कार्य आहे."

पहिलीला वाढल्यावर तिसरीला आणि चौथीला विसरणं बरं दिसलं नसतं. त्यांनाही वाढलं. थोडा आग्रहही केला.

इकडे घरातही आग्रह चालूच होता. यंदा धोंड्याचा महिना ऐन पावसाळ्यात आलेला. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, म्हणून लेक मीना आणि जावई सोमेश्वर अंकुशनगरहून धोंडे खायला आले होते. मीना अंगणवाडीच्या ड्यूटीसाठी परत गेली. विष्णू राहिले. त्यांच्या साखर कारखान्याचा हंगाम बंद होता आणि सासुरवाडीचा चालू. मोटर दुरुस्त करण्यात सोमेश्वरांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण विहिरीवरची मोटर बंद पडून होती, कारण त्या हातात सध्या अनारसा होता.

महिना संपता संपता अरुंधतीने शेवाळ बाटल्यांत कोंडलं, नमुने विद्यापीठातल्या मशीनवर नेले आणि परत आली ती पडलेल्या चेहऱ्यानेच. मामी, सगुणाबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, मामा शेजारी उभे होते.

"मामा, चारही रांगा बसून आहेत. कुणी नत्र पकडूनच न्हाई राह्यलं! युरियावाले बसतील हे माहीत होतं. पण नुसत्या पाण्यावाले का बसावेत?"

मामांचा चेहरा अभिमानाने फुलला. "बसणारच की! तुडुंब जेवलेत. मी सगळ्यांनाच युरिया वाढला. आपल्या हातून पंक्तिप्रपंच न्हाई होत, पोरी."

सगुणाबाईंनी तांदूळ निवडायचे थांबवले.

"अवो, तुरीला युरियाच्या गोण्या ओतता का तुम्ही?"

"छ्या! येड लागलं का? लई युरिया दिला की मुळावर गाठीच न्हाई..."

वाक्य तिथंच बसलं. त्याच्या शेजारी मामाही बसले.

"आयतं मिळाल्यावर कोण राबतं?" सगुणाबाई म्हणाल्या.

त्याच क्षणी आतून सोमेश्वरांची ढेकर आली. लांब, तृप्त, शेवटी जरा वळण घेतलेली. अरुंधतीच्या डोळ्यांत पाणी जमलंच होतं, ते हसण्याबरोबर बाहेर पडलं. सगुणाबाईंचं सूप कलंडलं. मामा तेवढे हसले नाहीत.

"मंग आता?"

"टेकडीच्या पलीकडचं कोरं शेवाळ घ्यायचं, नव्या रांगा मांडायच्या. जुन्यांना फक्त पाणी. बघू, खाणं सुटल्यावर कामाला लागतात का. पण मामा, रोज मला येणं जमणार न्हाई. पहिल्या रांगेपुढून तुम्हालाच रिकाम्या हाताने जावं लागेल."

मामांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि पुन्हा टाकला. "तुझ्यासाठी," ते म्हणाले, "जातो नरकात."

आणि गेले. दुसऱ्या रांगेला वाढताना ते पहिलीकडे पाठ करत. एकदा पाठीला नजर टोचली म्हणून वळून त्यांनी हात जोडले, "पाव्हणं, माझ्या हातात काही न्हाई. वरून हुकूम आहे."

खाली सगुणाबाईंनीही प्रयोग लावला होता.

"मामी, धोंडे?" सोमेश्वरांनी ताटातल्या पिठलं-भाकरीकडे बघत विचारलं.

"महिना सरला, जावईबापू."

"अनारसे तरी?"

"तेही सरले. मोटर तेवढी बाकी आहे."

दोन दिवस विष्णू उदास होते. तिसऱ्या दिवशी विहिरीवरून मोटरचा घुर्रर्र आवाज आला आणि सगुणाबाईंनी कडधान्याच्या डब्यामागचा अनारशांचा डबा आणखी मागे सरकवला.

पाऊस ओसरत आला तेव्हा फोन वाजला. अरुंधती किंचाळतच होती. "मामा! पाण्यावाली रांग राबून राह्यली! युरियावाली मस्त बसलीय! सुपर अन् मॉलिब्डेनमवाले तर नुसते सुटलेत! अन् मामा, आपले जुने जेवलेले, तेसुद्धा हळूहळू उठले!"

मामांनी पंचा हवेत उडवला, सोमेश्वरांना मिठी मारली, दुकानातून पेढे आणले आणि फोन कानाला तसाच धरून टेकडीची वाट धरली.

"मामा, धापा का टाकून राह्यले? कुठे निघालात?"

"पेढे वाटायला."

"कुणाला?"

मामांनी चढणीवर पाय उचलला.

"मामा! शेवटचे नमुने उद्या घ्यायचेत!"

मामा वर पोहोचले. म्हसोबापुढे एक पेढा ठेवला. मग रांगांसमोर दगडावर बसले. सगळं शेवाळ त्यांच्याकडे बघत होतं. पुंजाराममामांनी डोळे मिटले आणि भरल्या पंगतीपुढे, जन्मात पहिल्यांदाच, एकट्याने पेढा खाल्ला.

गोड लागला. त्यांनी दुसरा घेतला.