चहाला यायलाच हवं

मी बोलतोय, फिलोमेनाच्या ॲप्रनच्या खिशातून. इटालियन-इंग्रजी शब्दकोश मी, जेमतेम तळहाताएवढा. तिचा नवरा रोको इंग्लंडात बेडफर्डच्या वीटभट्टीवर लागला आणि ती त्याच्याकडे यायला निघाली, तेव्हा नेपल्सच्या स्टेशनावर तिनं मला विकत घेतलं.

माझा इटालियन अर्धा भाग सरळमार्गी. लिहिलंय तसं बोलावं, झालं. स्पॅनिश, जर्मन ही भावंडंही तशी शिस्तीतली. पण इंग्रजी अर्ध्यानं तिचा जीव खाल्ला. अक्षरं लिहायची नि गिळायची! क्रियापदाला एवढंसं शेपूट लावलं की अर्थ भलतीकडेच. आणि सख्ख्या-परक्या सगळ्यांना एकच 'यू'. मग कोण आपलं झालं, हे कळावं कसं? रोको हसायचा. म्हणायचा, राणीलाही यू नि कुत्र्यालाही यू, सोपंच आहे की.

मग रोको वारला. घरात बोलायला कुणी उरलं नाही. मी होतो, पण उघडल्याशिवाय मला तिच्याशी बोलता येत नाही.

अंत्यविधीनंतर शेजारच्या मिसेस प्रिडमोर कुंपणावरून म्हणाल्या, "एकदा चहाला यायलाच हवं हं तुम्ही."

फिलोमेनानं त्यातला इंग्रजी 'मस्ट' माझ्यात शोधला. मी इमानेइतबारे सांगितलं : यायलाच हवं, सुटका नाही. बिचारी हरखली. बाई वार कधी सांगतात याची वाट पाहिली, आणि शेवटी एका रविवारी लिंबाचा केक करून, काळ्या पोशाखाला इस्त्री करून आपणच गेली.

बाईंनी दार उघडलं. केक घेतला, कौतुक केलं, उगीच कशाला त्रास घेतलात म्हणाल्या. दारावरचा हात मात्र काढला नाही.

घरी येऊन तिनं मला टेबलावर आपटलं. "मेल्या, तू तरी खरं सांगायचंस."

फार लागलं मला ते. पण रागवायलाही तिला दुसरं कोण होतं?

आठवड्यानं प्रिडमोरबाई धुतलेली ताटली घेऊन आल्या. हवेबद्दल बोलल्या. केकची कृती विचारली. पुन्हा हवेबद्दल बोलल्या. घरी त्याही एकट्याच, पाय निघत नव्हता. फिलोमेनानं ताटली घेतली, गोड हसली आणि एकही चूक न करता इंग्रजीत म्हणाली, "एकदा कॉफीला यायलाच हवं हं तुम्ही."

आणि दार लावलं.

आली फिलोमेनाला भाषा. आता ती मला उघडत नाही. भिंतीच्या अलीकडे एक कप, पलीकडे एक कप, आणि मी खिशात मिटलेला. तुम्ही कुणाला घरी या म्हणाल, तेव्हा माझं एवढं ऐका. वारही सांगा.