बायसला दुसरा माणूस

काशी गेल्याचं कळलं त्या दिवशी हौसेरावच्या टेबलावर दुरुस्तीला आलेला हितेशचा गिटार अ‍ॅम्प उघडा पडला होता. आवाज मोठा करणारे जुने काचेचे पॉवर व्हॉल्व्ह काढून झाले होते, नवी जोडी अजून खोक्यात होती. काशी, त्याची बायको, तेव्हा माहेरी कोरेगावला होती. घरमालकीण पुतळा, हितेशची आई, एसटीडी बूथवरून धावत आली आणि दारातच थांबली.

"हौसेराव, बस खाली," एवढंच ती म्हणाली. त्याला कळलं.

दिवसकार्य उरकून तो घणसोली गावात परत आला, तेव्हा अ‍ॅम्प तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हितेश आला. संध्याकाळी त्याच्या ऑर्केस्ट्राचा वाशीत कार्यक्रम होता.

"काका, टेन्शन नको घेऊ. जमत नसंल तर ऱ्हाऊ दे. मी सांगतो त्यांना."

"काय सांगशील?"

"सांगीन, गिटारवाला मेला." बोलून त्याने जीभ चावली.

"संध्याकाळी घेऊन जा," हौसेराव म्हणाला.

नवे व्हॉल्व्ह नुसते बसवून भागत नाही. त्यांना किती करंट जाऊ द्यायचा ते बायसचा स्क्रू फिरवून ठरवावं लागतं, आणि तेही अ‍ॅम्प चालू ठेवून. आत चारशेच्या वर व्होल्ट. म्हणून डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, आणि उजव्यानेच काम करायचं. आतला सांगाडा काढून टेबलावर उभा केला की वायरिंग हौसेरावकडे यायचं आणि व्हॉल्व्ह पलीकडे जायचे. पलीकडे काशी उभी राहायची, हात भिंतीवरच्या बटणावर. तो मीटर बघायचा, ती रंग बघायची. आतली तार पिवळसर दिसली तर ठीक. तारेभोवतीचा पत्रा लाल व्हायला लागला की ती काही न विचारता बटण बंद करायची. उशीर झाला तर व्हॉल्व्ह जातात. ट्रान्सफॉर्मर जळला तर अ‍ॅम्पच भंगारात, कारण तसला ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळत नव्हता.

"मी ऱ्हाते उबी," हितेशच्या मागोमाग आलेली पुतळा म्हणाली. "बटन तं दाबायचं हाय."

"नको वहिनी. करतो मी एकटा."

"एकटा करशील! आन चिकटलास तं? माजी खोली मंग कोन घेल?"

त्याने दार लोटून घेतलं.

जोडी बसवली, अ‍ॅम्प चालू केला, डावा हात खिशात घातला. मीटरचा आकडा हळूहळू चढला. त्याने स्क्रू थोडा फिरवला. आकडा उतरला, मग एकदम वर गेला.

"काशी, रंग?" त्याने विचारलं.

आणि तो थांबला. काशी नीट बघितल्याशिवाय बोलायची नाही, म्हणून तिला वेळ द्यायची त्याला सवय होती. आकडा चढत राहिला. तो उत्तराची वाट बघत राहिला. तापलेल्या धुळीचा वास आला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

डावा हात आपोआप खिशातून बाहेर आला आणि तारांकडे गेला. त्याने तो मागे ओढला. हातातली मीटरची पिन टाकली, स्टूल पाडलं, टेबलाला वळसा घालून बटण बंद केलं. एका व्हॉल्व्हचा पत्रा निखाऱ्यासारखा लाल होता. बघता बघता तो काळा पडला.

त्याने ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला. गरम होता, पण जळका वास नव्हता. निवल्यावर मीटर लावून पाहिला. शाबूत होता, व्हॉल्व्हही वाचले होते. दोष बायसच्या जुन्या प्रीसेटमध्ये, त्या स्क्रूच्याच भागात होता. स्क्रू फिरवला की आतला कॉन्टॅक्ट सुटत होता. त्याने तो काढून नवा टाकला. सगळं पुन्हा करायचं होतं.

त्याने दार उघडलं. पुतळा बाहेर पायरीवरच बसली होती, सूप घेऊन जवळा निवडत.

"जाला?"

"नाही." तो दारातून बाजूला झाला. "वहिनी, आत या. लाल दिसलं की बंद करायचं. मला विचारायचं नाही."

पदराला हात पुसून ती पलीकडे उभी राहिली. हौसेरावने मान वर केली नाही.

"रंग?"

"पिवला."

"नीट बघा."

"आरं पिवलाच हाय! माजे डोले काय फुटलेत?"

आकडा जागेवर आला आणि तिथेच थांबला. संध्याकाळी हितेश अ‍ॅम्प घेऊन वाशीला गेला.

नवी जोडी थोडे दिवस वाजली की बायस पुन्हा तपासावा लागतो. हितेश त्यासाठी अ‍ॅम्प ठेवून गेला आहे. बटनाला कवा येऊ, असं पुतळा दोनदा विचारून गेली. हौसेरावने तो अजून उघडलेला नाही.