फलाटावर थांबणारी गाडी

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं जिन्यापर्यंत उभी होती आणि सगळ्यांचे डोळे मोठ्या टेबलावर गोल फिरणाऱ्या खेळण्यातल्या आगगाडीवर खिळले होते. अण्णांना जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने मांडलेली ही गाडी आता त्यांच्या वतीने बोलत होती. फलाटावर थांबली तर ‘हो’, न थांबता पुढे गेली तर ‘नाही’.

“आत्म्याला रूळ लागत नाहीत, पण रुळांना आत्मा लागतो!” अण्णांच्या खुर्चीत बसलेले महाराज डोळे मिटून म्हणाले. शेजारपाजारच्यांनी त्यांचं नाव सिग्नलमहाराज ठेवलं होतं. “विचारा, माई.”

माईंनी, अण्णांच्या बायकोने, हात जोडले. “अहो, मी गोळ्या घेत नाही ते बरोबर आहे ना?”

गाडी फलाटापाशी आली आणि थांबली. गर्दीतून हुंकार उठला.

दाराशी त्यांची लेक उभी होती. आईचं हृदय अधू होतं. पंधरा दिवस झाले, तिने एकही गोळी घेतली नव्हती, पाय सुजले होते, दोन पायऱ्यांतच धाप लागत होती. “ते बोलावतायत गं,” एवढंच म्हणायची.

लेक लिफ्ट दुरुस्तीचं काम करायची. वायरी हा तिचा रोजचाच धंदा, तरी तिने आजवर टेबलाखाली डोकावलं नव्हतं. कारण तिनेही एकदा विचारलं होतं. लग्नावरून अण्णांशी बिनसलं, तीन वर्षं तिने या घराचा उंबरा ओलांडला नाही आणि आली ती थेट अंत्यविधीला. “अण्णा, मला माफ केलंत ना?” तिने विचारलं होतं. गाडी थांबली होती. ते थांबणं ती उराशी धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला सावरलं आणि लेकीला बाजूला घेऊन म्हणाले, “आणखी आठवडाभर असंच चाललं, तर माझ्या हातात काही नाही.”

लेक घरी आली आणि तडक टेबलाखाली शिरली.

अण्णांचं काम नेटकं होतं. एका रुळातून वीज इंजिनात जाते, दुसऱ्यातून परत येते. फलाटापुढचा रुळाचा तुकडा मात्र दोन्ही टोकांना कापून बाकीच्यांपासून वेगळा केलेला, फटीत प्लॅस्टिकची पट्टी. त्या तुकड्याची वायर खुर्चीसमोर टेबलाखाली लावलेल्या एका बटणातून जात होती. बटण दाबलं की तेवढ्याच तुकड्याची वीज तुटायची. वायरीला चिठ्ठी चिकटवलेली होती, अण्णांच्या वळणदार अक्षरात: ‘फलाट. माझ्या गुडघ्यापाशी.’

ती तिथेच, धुळीत बसून रडली.

रविवारी आईला घरी आणलं. संध्याकाळी गर्दी जमली. लेक महाराजांना म्हणाली, “आज जरा इकडे स्टुलावर बसा.”

“हे आसन त्यांनीच मला नेमून दिलंय!”

“मग पाय तरी वर घ्या. मांडी घालून बसा.”

महाराजांनी पाय वर घेतले. गाडी पाच फेऱ्या फिरली, आईने पाच वेळा विचारलं. गाडी एकदाही थांबली नाही.

लेकीने टेबलाभोवतीचं कापड उचलून बटण दाखवलं, वायर दाखवली. महाराज गडबडले. “गुडघा निमित्तमात्र! इच्छा त्यांचीच!”

“मग माझ्या गोळ्या बंद करायची इच्छा कुणाची होती?” आईने विचारलं.

महाराज चपला शोधू लागले. माणसं खाली मान घालून पांगली.

आईने खुर्चीत बसून स्वतः बटणाला गुडघा लावला. गाडी थांबली. काढला, गाडी निघाली. असं कितीतरी वेळ ती करत राहिली.

“म्हणजे ते खरंच गेले,” ती म्हणाली.

“हो, आई.”

“आणि तुला दिलेली माफी?”

“तीही गुडघ्याचीच.” लेक म्हणाली. “खरं काय ते आता कधीच कळणार नाही.”

आईने तिला जवळ ओढलं. चार महिन्यांत आई पहिल्यांदाच रडली. मग डोळे पुसून तिने पाणी मागितलं आणि गोळी गिळली.

गेलेलं माणूस उत्तर देत नाही. हे सोसायला फार कठीण आहे, आणि म्हणूनच उत्तरं विकणारे भेटतात. जे विचारायचं ते माणूस हयात असताना विचारावं. आणि नंतर कुणी म्हणालं की ते अजून बोलतात, तर हात जोडण्याआधी खाली वाकून वायर कुठे जाते ते बघावं.